व्हेपमुळे कोरडा घसा, रात्री धडधड, सकाळी डोकेदुखी: कोणता त्रास कशामुळे आणि त्यावर करावे काय?

मानवतचा वायरमन (प्रश्नकर्ता)

सर्व जाणकारांना नमस्कार. माझे वय २७ वर्षे असून मानवतजवळच्या एका कापसाच्या जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात मी विजेच्या देखभालीचे काम करतो. कॉलेजात लागलेली सिगारेट सहा वर्षे सुटली नव्हती. सव्वा वर्षापूर्वी पुण्याला असलेल्या एका मित्राने व्हेप, म्हणजे निकोटीनचा द्रव तापवून त्याची वाफ ओढायचे बॅटरीवरचे यंत्र, हातात दिले आणि यात राख नाही, वास नाही, त्यामुळे त्रासही नाही, असे सांगितले. तेव्हापासून सिगारेट पूर्ण बंद आहे, मात्र व्हेप दिवसभर खिशात असते आणि सिगारेटसारखे ते एका जागी संपत नसल्यामुळे दिवसाला किती झुरके होतात याचा मला खरोखर अंदाज नाही.

गेल्या तीन महिन्यांपासून घसा सतत कोरडा असतो, सकाळी उठल्याबरोबर कपाळ ठणकते, अधूनमधून मळमळते आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर छातीत धडधड होऊन झोप लागत नाही. महिनाभरापासून कोरडा खोकलाही आहे. कामावर कधी कधी छाती आवळल्यासारखी वाटते.

इंटरनेटवर शोधले तर परदेशी पानांवर एकच उपाय दिसतो: कमी निकोटीनचे लिक्विड घ्या, स्वाद बदला, यंत्राची शक्ती कमी करा. माझ्याकडच्या बाटलीवर ‘५ टक्के’ एवढेच छापलेले आहे. बनवणाऱ्याचा पत्ता नाही, तारीख नाही. आमच्या गावातले डॉक्टर वडिलांच्या बसण्याउठण्यातले आहेत, म्हणून त्यांच्याकडे जायला मन धजत नाही. यातले कोणते त्रास किरकोळ समजावेत, कोणत्या त्रासाला घाबरावे आणि तोपर्यंत घरी काय करावे, हे कृपया कोणी नीट सांगेल का?

नांदेडचा निवृत्त छातीविकारतज्ज्ञ

आपण सगळे त्रास एका दमात सांगितले आहेत, पण त्यांची कारणे एक नाहीत. म्हणून ती आधी वेगळी करू या.

घशापासून सुरुवात करतो. व्हेपच्या लिक्विडमध्ये बहुतांशी प्रोपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन असते. हे दोन्ही पदार्थ आजूबाजूचा ओलावा शोषून घेतात, त्यामुळे प्रत्येक झुरक्याबरोबर तोंडातील आणि घशातील ओल थोडी थोडी कमी होत जाते. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये पारा ४२ अंशांच्या वर जातो आणि हवेत दमटपणा नावालाही उरत नाही, तेव्हा हाच त्रास दुप्पट जाणवतो. दिवसभर घोट घोट पाणी पिणे आणि झोपण्यापूर्वी कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या करणे, एवढ्याने घशाला बराच आराम मिळतो. लाळ कमी झाली की दात किडण्याची आणि हिरड्या सुजण्याची शक्यता वाढते, त्यात या लिक्विडचे स्वाद गोड असतात, म्हणून रात्रीचे दात घासणे चुकवू नये. झुरका घेताना जळका वास आला तर मात्र तेथेच थांबावे. यंत्राच्या आतली द्रव शोषणारी वात कोरडी पडून कॉइल, म्हणजे द्रव तापवणारी तार, अतिशय तापली की याच द्रवातून फॉर्माल्डिहाइड आणि अ‍ॅक्रोलिन यांसारखी घशाला व फुफ्फुसांना भाजून काढणारी रसायने तयार होतात.

धडधड आणि निद्रानाश यांचे मूळ निकोटीनमध्ये आहे. निकोटीन शरीरात गेले की अ‍ॅड्रेनलिन स्रवते, नाडी जलद होते आणि रक्तदाब काही काळ चढतो. रक्तातील निकोटीन निम्मे व्हायला साधारण दोन तास लागतात. आपण रात्री बाराला शेवटचा झुरका घेतला, तर दोनला त्यातील निम्मे आणि चारलाही पाव हिस्सा शिल्लक असतो, आणि आपण तर दिवसभर त्यात भर घालत असता. म्हणून पहिली गोष्ट ही करा की झोपण्यापूर्वीचे चार तास व्हेप हातात घेऊ नका. मळमळणे, गरगरणे, घाम फुटणे, तोंडाला पाणी सुटणे हे एकदम आले तर निकोटीन जास्त झाले असे समजावे, व्हेप बाजूला ठेवून मोकळ्या हवेत बसावे आणि थोडे पाणी प्यावे. असा त्रास बहुतेक वेळा तास-दोन तासांत उतरतो. उलट्या थांबत नसतील, हातपाय गळून जात असतील, नाडी मंदावली असेल किंवा श्वास घेणे जड जात असेल, तर १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णालय गाठावे.

डोकेदुखीबाबत माझी एक विनंती आहे. एक आठवडाभर छोट्या वहीत केवळ वेळा लिहा: डोके कधी दुखले, त्याआधी शेवटचा झुरका कधी घेतला होता आणि पुढचा झुरका घेतल्यावर दुखणे कमी झाले की वाढले. निकोटीन जास्त झाल्यावरही डोके दुखते आणि कमी पडल्यावरही दुखते, म्हणजे दुखणे तेच, पण उपाय अगदी उलट. ही वही नसताना दिलेला कोणताही सल्ला अंदाजाचा ठरेल.

आता परदेशी सल्ल्याविषयी. तो सल्ला त्यांच्या ठिकाणी चुकीचा नाही. युरोपीय संघात एका मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त निकोटीन ठेवता येत नाही आणि बाटलीवर जे छापले असते ते तपासले जाते. आपल्या देशात २०१९ पासून या वस्तूच्या विक्रीवर बंदी आहे, त्यामुळे येथे मिळते ती प्रत्येक बाटली चोरट्या मार्गाने आलेली असते आणि तिच्या आत काय आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. आपल्या बाटलीवरचे ‘५ टक्के’ खरे मानले तरी ते प्रत्येक मिलिलिटरला ५० मिलिग्रॅमच्या आसपास जाते, म्हणजे त्या मर्यादेच्या अडीच पट. अशा कडक लिक्विडमध्ये निकोटीनला बेन्झॉइक आम्लासारखे एखादे आम्ल जोडलेले असते, त्यामुळे घशाला खरखर कमी लागते आणि जास्त निकोटीन ओढले गेल्याचे ओढणाऱ्याच्या लक्षात येत नाही. ज्या बाटलीवरचा आकडा विश्वासाचा नाही, तिच्या जागी दुसरी तशीच बाटली आणून निकोटीन ‘कमी’ कसे करणार? म्हणून आपल्याकडे झुरके मोजून कमी करत जाणे आणि शेवटी थांबणे, एवढाच मार्ग मला प्रामाणिकपणे सांगता येतो.

खोकला मी मुद्दाम शेवटी ठेवला. तो दोन आठवड्यांच्या वर गेला असेल तर व्हेपला दोष देऊन गप्प बसू नका. आपल्या भागात क्षयरोग अजून आहे, आणि दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकलेल्या खोकल्यासाठी थुंकीची तपासणी कोणत्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात मोफत होते. संध्याकाळचा बारीक ताप, वजन घटणे, थुंकीतून रक्त यांपैकी काही असेल तर उद्याच जा. दुसरे म्हणजे आपण जिनिंगमध्ये काम करता. छाती आवळल्यासारखी वाटते ती सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी जास्त आणि आठवडा पुढे सरकेल तशी कमी, असे होत असेल तर कापसाच्या धुळीचा संशय घ्यावा लागेल. ते दुखणे वेगळे, आणि व्हेप सोडले तरी ते आपोआप जाणार नाही.

अंबाजोगाईचा औषधविक्रेता

डॉक्टरसाहेबांनी सांगितले त्यात मला चहाविषयी थोडी भर घालायची आहे, कारण हा भाग दुकानावर येणाऱ्या जवळजवळ कोणालाच माहीत नसतो.

दादा, आपण सिगारेट सोडून व्हेपवर आलात तेव्हा चहा किती होता आणि आता किती आहे, ते आठवून पाहा. सिगारेटच्या किंवा विडीच्या धुरात जी डांबरासारखी द्रव्ये असतात, ती यकृताला कॅफीन भराभर जिरवायला लावतात. निकोटीन हे काम करत नाही, ते केवळ धुरामुळे होते. म्हणून धूर बंद झाला की यकृताचा तो वेग काही दिवसांतच उतरतो आणि पूर्वी पचत असलेला तोच सहा कप चहा शरीरात पुष्कळ जास्त वेळ रेंगाळतो. हात थरथरणे, धडधड, रात्री डोळा न लागणे यांतला बराच वाटा चहाचा असू शकतो, आणि सगळा दोष एकट्या निकोटीनच्या माथी जातो. चहा निम्म्यावर आणा आणि दुपारी चारनंतर घेऊ नका.

याच कारणाने घरातल्या एखाद्या दमेकरी माणसाने विडी सोडली आणि तो थिओफिलीनच्या जातीची गोळी घेत असेल, तर त्या गोळीचे प्रमाणही डॉक्टरांना पुन्हा पाहायला सांगावे. विडी सुटल्यावर तीच गोळी रक्तात जास्त साठते आणि उलट्या व धडधड सुरू होते. हे प्रश्नाच्या थोडे बाहेरचे आहे, पण विडी सोडणारी वडीलधारी माणसे आपल्या घरोघरी आहेत म्हणून लिहिले.

लातूरची ताई

मी डॉक्टर नाही. माझ्या धाकट्या भावाचे झाले ते सांगते, कारण वरच्या प्रश्नात ‘डॉक्टरांकडे जायला मन धजत नाही’ हे वाक्य वाचून मला राहवले नाही.

तो १९ वर्षांचा होता आणि येथे प्रवेश परीक्षेची तयारी करत होता. खोलीवर राहणाऱ्या चार मुलांमध्ये मिळून एक व्हेप होते, हे आम्हाला फार नंतर कळले. एका आठवड्यात त्याला ताप आला, उलट्या आणि जुलाब सुरू झाले, मग खोकला आला. मेसचे जेवण बाधले असेल असे आम्हीच डॉक्टरांना सांगितले आणि त्यांनीही त्याच दिशेने उपचार केले, त्यात त्यांची काही चूक होती असे मी म्हणत नाही. तीन दिवसांनी तो एक जिना चढताना दोनदा खाली बसला. बोटाला लावलेल्या यंत्रावर ऑक्सिजन ८९ दिसला. मोठ्या रुग्णालयात क्ष-किरण तपासणीत दोन्ही फुफ्फुसांवर पांढुरकी छाया होती. तेथील एका तरुण डॉक्टरताईंनी आम्हा सगळ्यांना बाहेर पाठवले, दार लोटून घेतले आणि त्याला एकट्याला विचारले, तेव्हा त्याने व्हेपचे सांगितले.

तो बरा झाला, पण नऊ दिवस रुग्णालयात होता आणि घरी आल्यावरही महिनाभर धाप लागत होती. त्याला नंतर विचारले की पहिल्याच दिवशी का सांगितले नाहीस, तर म्हणाला, ‘पप्पा क्लास बंद करून गावाकडे घेऊन गेले असते.’ पोटाची तक्रार आणि छातीची तक्रार एकाच कारणाची असू शकते, हे त्याच्या ध्यानातही आले नव्हते. भाऊ, आपण २७ वर्षांचे आहात. मानवतच्या डॉक्टरांची लाज वाटत असेल तर परभणीला जा, सेलूला जा, पण कोणत्या तरी एका डॉक्टरांसमोर बसून ‘मी व्हेप ओढतो’ एवढे तीन शब्द बोला.

नांदेडचा निवृत्त छातीविकारतज्ज्ञ

ताईंनी लिहिलेली लक्षणे वाचून आणखी सांगावेसे वाटते. २०१९ मध्ये अमेरिकेत व्हेप ओढणाऱ्यांमध्ये अशाच तक्रारींची मोठी साथ आली होती. फेब्रुवारी २०२० पर्यंत तेथे २,८०७ रुग्णांची नोंद झाली आणि त्यांतील ६८ दगावले. बहुतेक रुग्ण तरुण होते. खोकला, धाप आणि छातीत दुखण्याबरोबरच उलट्या, जुलाब, पोटदुखी आणि ताप हे पुष्कळांमध्ये होते, त्यामुळे सुरुवातीला अनेकांचे निदान चुकले. त्या साथीशी सर्वात घट्ट संबंध आढळला तो ‘ई’ जीवनसत्त्वाच्या अ‍ॅसिटेटचा. गांजाचा अर्क असलेल्या चोरट्या मालात तो द्रव घट्ट दिसावा म्हणून मिसळला जात होता. हे जीवनसत्त्व गोळीतून पोटात गेले तर काही बिघडत नाही, पण तापवून फुफ्फुसात ओढले तर तेच घातक ठरते. या उदाहरणातून मला एवढेच म्हणायचे आहे की लेबल नसलेल्या मालात कोणी काय मिसळले असेल, हे रुग्णाच्या छातीत दिसेपर्यंत कोणाला कळत नाही.

ताईंच्या भावाला नेमके काय झाले होते हे त्याचे कागद न पाहता मी सांगणार नाही. प्रश्नकर्त्याने आणि इतरांनी मात्र या खुणा पक्क्या ध्यानात ठेवाव्यात: चालताना किंवा बोलताना धाप लागणे, छातीत टोचल्यासारखे दुखणे, खोकल्याबरोबर ताप आणि उलट्या, थुंकीत रक्त, ओठ निळसर होणे, किंवा ऑक्सिजन ९४ च्या खाली जाणे. यांपैकी एकही दिसले तर घरगुती उपाय बंद करून त्याच दिवशी रुग्णालयात जावे. आपल्या बाजूला छत्रपती संभाजीनगरचे घाटी, अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ, आमच्याकडे विष्णुपुरीचे शंकरराव चव्हाण आणि लातूरचे विलासराव देशमुख अशी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. तपासणीवेळी गेल्या तीन महिन्यांत व्हेप ओढले आहे की नाही, हे विचारले नाही तरी सांगावे. शस्त्रक्रिया ठरलेली असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही सांगावे, कारण निकोटीनमुळे जखम भरायला वेळ लागतो.

मानवतचा वायरमन

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभारी आहे. आठ दिवस वही लिहिली. डोकेदुखी आठपैकी सात दिवस सकाळी पहिल्या झुरक्याच्या आधी होती आणि झुरका घेतल्यावर पाच-दहा मिनिटांत गेली. मळमळ मात्र दर वेळी रात्रपाळीत लागोपाठ ओढल्यावर आली. चहा सात कप निघाला, तीनवर आणला आहे, आणि रात्री आठनंतर व्हेप कपाटात ठेवतो. धडधड निम्मी तरी कमी झाली आहे. छातीचे पाहिले, तर डॉक्टरसाहेब म्हणाले तसेच सोमवारी सर्वात जास्त आवळते.

एक भीती मात्र आहे. यावर बंदी आहे, तर दवाखान्यात सांगितले आणि केस पेपरवर लिहिले गेले, तर पोलिसांचे लचांड मागे लागणार नाही ना?

परभणीचा वकील

ही बंदी घालणाऱ्या २०१९ च्या कायद्याच्या नावातच उत्पादन, निर्मिती, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठवणूक आणि जाहिरात यांची यादी आहे आणि स्वतः ओढणे त्या यादीत नाही. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे ती विकणारे, आणणारे आणि जाहिरात करणारे यांच्यासाठी. साठा बाळगणाऱ्यासाठी वेगळी शिक्षा आहे, म्हणून मित्रांसाठी चार-सहा यंत्रे आणून ठेवण्याचा उद्योग करू नये. डॉक्टरांना आपली सवय सांगणे हा गुन्हा नाही, आणि रुग्णाने सांगितलेले गुप्त ठेवणे हे डॉक्टरांचे कर्तव्य आहे. निश्चिंत मनाने सांगा.

नांदेडचा निवृत्त छातीविकारतज्ज्ञ

वही छान लिहिलीत. आता चित्र स्पष्ट आहे. सकाळची डोकेदुखी निकोटीन कमी पडल्याची आहे, म्हणजे तो तल्लफेचा भाग आहे आणि व्हेप सोडल्यावर पहिले काही दिवस ती वाढेल व नंतर जाईल. मळमळ ही जास्त ओढल्याची आहे. सोमवारच्या आवळण्यासाठी छातीविकारतज्ज्ञांकडे श्वासाची फुंकून करण्याची तपासणी करून घ्या, शक्य असल्यास कामाच्या पहिल्या दिवशी पाळी सुरू होण्याआधी आणि संपल्यावर अशी दोनदा. तोवर धूळ उडते त्या भागात काम करताना नाकातोंडावर नीट बसणारा मास्क लावा. नुसता रुमाल बांधून ही बारीक धूळ अडत नाही. थुंकीची तपासणी झाली का, ते आपण लिहिले नाही. ती टाळू नका.

कुंडलिकाकाठचा, जालना

मी दोन वर्षे व्हेप ओढत होतो आणि ते सोडून आता अकरा महिने झाले. सोडल्यावर काय होते हे कोणी आधी सांगितले असते तर मी पहिल्या दोन प्रयत्नांत हरलो नसतो, म्हणून सविस्तर लिहितो.

सर्वात वाईट होते ते पहिले तीन दिवस. डोके जड, चिडचिड इतकी की आईशी दोन वेळा विनाकारण भांडलो, कामात लक्ष नाही, भूक दुप्पट आणि पोट साफ नाही. दुसऱ्या आठवड्यात झोपेत विचित्र स्वप्ने पडायची. तिसऱ्या आठवड्यानंतर हळूहळू उतरत गेले. पहिल्या वेळी मी दुसऱ्याच दिवशी असे समजलो की व्हेप सोडल्यामुळे प्रकृती बिघडते आहे, आणि परत सुरू केले. तो त्रास बिघाडाचा नसून निकोटीन शरीराबाहेर गेल्याचा होता, हे मला राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइनवर कळले. क्रमांक १८००-११-२३५६, फोनला पैसे पडत नाहीत. सुपारी-तंबाखू, विडी, व्हेप, कशासाठीही विचारता येते आणि ते पुढे ठरलेल्या दिवशी स्वतःहून फोन करतात. मनाची घालमेल फारच वाढली तेव्हा १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी फोनसेवेच्या, क्रमांकावर एकदा रात्री साडेअकराला बोललो होतो, पलीकडच्या माणसाने मराठीत शांतपणे ऐकून घेतले.

तल्लफ एका लाटेसारखी येते आणि पाच-सात मिनिटांत ओसरते, एवढे मला उमगले तेव्हा खरा फरक पडला. ती पाच मिनिटे काढायला मी गल्लीच्या टोकापर्यंत चालत जात असे, बडीशेप तोंडात टाकत असे किंवा थंड पाण्याने तोंड धूत असे. आणखी एक गोष्ट कळकळीने सांगतो. व्हेप सोडून तंबाखू-चुना धरू नका. आमच्या गटातल्या दोघांनी तसे केले. आपल्या राज्यात २०१६-१७ च्या पाहणीत २६.६ टक्के प्रौढ तंबाखूच्या आहारी होते आणि त्यांत धूर ओढणारे केवळ ३.८ टक्के, म्हणजे बाकीचा सगळा भार मळून, चघळून आणि मिश्री लावून घेणाऱ्यांचा. आपल्याकडे तंबाखूची पुडी समोर करणारा हात प्रत्येक कट्ट्यावर असतो, त्यामुळे ‘नको’ म्हणण्याची तयारी घरूनच करून निघावे लागते.

अंबाजोगाईचा औषधविक्रेता

तल्लफेसाठी निकोटीनचा च्युइंगगम मिळतो, आणि चुकीचा वापरला तर त्याचाच त्रास होतो, म्हणून रीत सांगतो. २ मिलिग्रॅमचा गम चिठ्ठीशिवाय मिळतो. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत ज्याला ओढावेच लागते त्याला बहुधा ४ मिलिग्रॅमचा लागतो, पण त्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी घ्यावी. हा साध्या गमसारखा भराभर चावायचा नाही. जिभेला चुरचुर जाणवेपर्यंत सावकाश चावायचा, मग गाल आणि हिरडी यांच्यामध्ये ठेवून द्यायचा, चुरचुर गेली की पुन्हा दोन-चार वेळा चावायचा, असे अर्धा तास चालू ठेवायचे. आपल्या भागातल्या माणसाला गालात ठेवणे शिकवावे लागत नाही, पण रस गिळू नका हे मात्र प्रत्येकाला सांगावे लागते, नाहीतर उचकी लागते आणि छातीत जळजळते. गमच्या आधी पंधरा मिनिटे आणि तो तोंडात असताना चहा, कॉफी, लिंबूपाणी, ताक यांपैकी काही घेऊ नये, कारण आंबट तोंडात निकोटीन नीट शोषले जात नाही. सुरुवातीला दर एक-दोन तासांनी एक आणि पुढे बारा आठवड्यांत कमी करत बंद, असा साधारण क्रम असतो. दिवसाला २४ च्या वर कधीही जाऊ नये. हृदयविकार असलेले, गरोदर महिला आणि १८ वर्षांखालील मुले यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो घेऊ नये. गमने भागत नसेल तर डॉक्टर गोळ्याही देतात, त्या मात्र आपल्या मनाने घ्यायच्या नाहीत.

मानवतचा वायरमन

थुंकीची तपासणी झाली, अहवाल चांगला आला. परभणीच्या डॉक्टरांना सगळे सांगितले, त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि श्वासाच्या तपासणीसाठी पुढच्या सोमवारी बोलावले आहे. व्हेप बंद करून आज पाचवा दिवस आहे. जालन्याच्या दादांनी लिहिले तसेच तिसरा दिवस फार कठीण गेला, रात्री दोनला अंगणात फेऱ्या मारत होतो.

आता कपाटात ते यंत्र आणि अर्धी बाटली पडून आहे. घरात बहिणीची दोन वर्षांची मुलगी आली आहे. चुलीत टाकावे म्हटले तर आत बॅटरी आहे, आणि मोरीत ओतावे की नाही हेही कळेना. काय करावे?

अंबाजोगाईचा औषधविक्रेता

आज रात्रीच मुलीच्या हाताला लागणार नाही अशा कुलपाच्या जागी ते हलवा. एवढ्या कडक लिक्विडचा लहानसा घोटही दोन वर्षांच्या लेकराच्या जिवावर बेतू शकतो, आणि त्याचा वास गोड असल्यामुळे मूल ते तोंडाला लावणारच. चुकून कोणी गिळले तर उलटी काढायला लावू नका, बाटली बरोबर घेऊन थेट रुग्णालयात जा. दिल्लीच्या एम्समधील विषबाधा माहिती केंद्राचा १८००-११६-११७ हा क्रमांकही घराच्या फोनमध्ये ठेवा. अंगावर सांडले तर साबणाने आणि भरपूर पाण्याने लगेच धुवायचे, कारण निकोटीन कातडीतूनही आत जाते.

चुलीत अजिबात टाकू नका, लिथियमची बॅटरी आगीत फुटते. उन्हात, पत्र्यावर किंवा गाडीच्या डिकीतही ठेवू नका. यंत्राच्या टोकांना चिकटपट्टी लावा, बाटलीचे झाकण घट्ट करून ती वेगळ्या पिशवीत बांधा, मोरीत ओतू नका. घंटागाडीवाल्याच्या हाती देताना ओल्या-सुक्या कचऱ्यात न मिसळता घातक कचरा म्हणून तोंडाने सांगून द्या. नगरपालिकेकडे ई-कचऱ्याचा दिवस ठरलेला असेल तर यंत्र त्या दिवशी द्या. आणि गम संपत आला असेल तर दोन दिवस आधीच आणून ठेवा. पहिल्या पंधरवड्यात रात्री अकराला गम संपलेला असणे फार जड जाते.